अकरा गडी आणि साळुंके सर

साळुंके सर मुलांना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "दापोडी, बॉल सोड." "थेरगाव, पुढं सरक." "आकुर्डी, झोपलास का?" यातली आकुर्डी म्हणजे मी. घरच्यांनी बारसं करून ठेवलेलं माझं नाव कॉलेजच्या हजेरीपुरतं उरलं होतं. मैदानावर मी आख्खं गाव होतो, आणि चेंडू माझ्या पायातून निसटला की आख्ख्या गावाची अब्रू जायची.

केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत ते डेमॉन्स्ट्रेटर होते. तिथं मात्र प्रत्येकाला आडनावानं आणि अहो-जाहो करून बोलावत. मी एकदा विचारलं की मैदानात आल्यावर आमची नावं कुठं जातात. त्यांनी खिशातला शेंगदाणा तोंडात टाकला आणि म्हणाले की नावानं बोलावलेलं पोरगं एखाद दिवस घरी बसतं, गावानं बोलावलेलं लाजेनं का होईना, येतं. मला ते तेव्हा सरांच्या नेहमीच्या थट्टेतलं वाटलं. पोरं येणं हीच त्यांची सगळी काळजी होती, हे मला कळायला वर्ष गेलं.

ही पन्नास सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. तेव्हा आमच्याकडे कॉलेज नव्हतं. चिंचवड, आकुर्डी, थेरगाव, काळेवाडी ही खेडीच होती. ज्वारी, हरभरा, मोटेचं पाणी आणि पवनेचा काठ. पिंपरीला फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची छावणी होती, तिच्यापलीकडच्या माळावर औषधांचा एक सरकारी कारखाना उभा राहत होता. मॅट्रिक झालेला आणि घरच्यांनी शिकायला सोडलेला मुलगा सकाळच्या गाडीनं पुण्याला कॉलेजात जायचा. असे आम्ही मोजकेच. त्यातले निम्मे दिवाळीनंतर दिसेनासे व्हायचे. कुणाला शेतीनं ओढलं, कुणाला लग्नानं, कुणाला इंग्रजीनं पळवून लावलं. त्यांचं कुठं काही चुकलं असं कुणाला वाटायचं नाही. गावात म्हणायचे, शिकला तेवढा बास.

सर स्वतः बार्शीकडचे. बायको आणि लहान मुलगी गावाकडे, आणि सर चिंचवडला देवळाच्या मागच्या अंगाला एका खोलीत. उंच माणूस, थोडा वाकलेला. पांढरा पायजमा, काळी टोपी आणि एकच कोट, ज्याच्या बाह्यांना ॲसिडचे थेंब उडून भोकं पडली होती. त्या भोकांची त्यांना लाज नव्हती. विद्यार्थ्यांना ती दाखवून ते म्हणत की हे सल्फ्युरिक, हे नायट्रिक, आणि हे मात्र उंदरानं केलेलं आहे.

फुटबॉल त्यांनी आयुष्यात खेळला नव्हता. लहानपणी तालमीत गेलेले, हुतूतू खेळलेले. कॉलेजात फुटबॉलची टीम म्हणजे सावत्र पोर होतं. मैदान क्रिकेटवाल्यांचं, जाळी, रोलर, माळी सगळं त्यांचं. फुटबॉलला एक चेंडू आणि कपाटाचा खालचा खण. टीमचं काम बघायला कुणी प्राध्यापक तयार होईना, तेव्हा ते सरांनी आपणहून मागून घेतलं. नियमांचं पुस्तक आणून पाठ केलं. पुढं रेफ्रीचं चुकलं की ते त्याला मध्यंतरात गाठून कलमं ऐकवायचे, अगदी नम्रपणे, त्यामुळे रेफ्री जास्तच चिडायचा.

आदल्या वर्षी आमच्या कॉलेजची टीम दोनदा मैदानावर अपुऱ्या गड्यांनिशी उतरली होती. प्रिन्सिपॉलना ते लागलं होतं. माणूस सरळ होता, पण शब्दाचा कडक. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की या हंगामात एका जरी मॅचला अकराच्या खाली उतरलात तर टीम बंद, आणि मैदान पूर्ण क्रिकेटला. सर म्हणाले, कबूल. हे त्यांनी आम्हाला चिंचवड स्टेशनवर गाडीची वाट बघताना सांगितलं, आणि वर म्हणाले की जिंकलं पाहिजे असं काही प्रिन्सिपॉल बोलले नाहीत, तेव्हा तेवढी एक सवलत आहे.

हंगामाच्या सुरुवातीला पंधरा नावं विद्यापीठाकडे गेली. त्या नावांबाहेरचा मुलगा मध्येच घ्यायला परवानगी नव्हती. त्या नावांमध्ये पुण्यातली पोरं फार नव्हती. सरांनी आमच्या बाजूच्या गावांतून शोधून शोधून पोरं भरली होती. त्यातल्या कुणाकुणाला तर चेंडू हातात धरायचा नसतो हेही सांगावं लागलं. क्रिकेटवाले आम्हाला ग्रामपंचायत म्हणत.

सराव चिंचवडच्या गायरानात, नदीच्या वरच्या अंगाला. रोज आधी ओंजळभर खडे वेचून बांधाबाहेर टाकायचे, मगच चेंडूला पाय लावायचा, असा सरांचा शिरस्ता होता. टीममधल्या निम्म्या पोरांकडे बूट नव्हते. खडे वेचताना सर स्वतः वाकून पुढं असत. त्यांच्या सायकलच्या दांडीला जाळीत चेंडू लटकलेला असायचा, एरंडेल लावून मऊ केलेला. त्या वासानं आम्हाला लहानपणीचे जुलाब आठवायचे. मध्यंतरात लिंबू-बिंबू काही नाही, कोटाच्या एका खिशातून शेंगदाणे आणि दुसऱ्यातून गूळ. कुठल्या खिशात ॲसिडची चिंधी असते ते विचारायचं धाडस आम्ही केलं नाही.

मॅच चालू असताना सर रेषेवर उभे राहत नसत. ते आमच्या गोलच्या मागे उभे राहत. गोली एकटा असतो, त्याला सोबत लागते, असं त्यांचं म्हणणं. आणि सोबत म्हणजे ते त्याच्याशी गप्पा मारत. खडकीचा मुलगा गोलीला होता. समोरून पाच गडी चाल करून येत असायचे आणि सर मागून विचारत असायचे, वडिलांचा खोकला थांबला का, धाकट्या भावाला शाळेत घातलं का. तो बिचारा रडकुंडीला यायचा. पण त्या वर्षी त्याच्यावर गोल कमी झाले, हेही खरं.

पिंपरीच्या छावणीतला किशन नावाचा सिंधी मुलगा आमच्यात होता. आमच्या सगळ्यांत खरा खेळाडू तोच. सरांनी पहिल्या दिवशी त्याला "पिंपरी" म्हणून हाक मारली तर तो जागचा हलला नाही. सरांनी जवळ जाऊन विचारलं. तो म्हणाला, "मैं पिंपरी का नहीं हूँ, सर." मग कुठला, तर सिंधमधल्या शिकारपूरचा. हे बोलताना त्याचा आवाज असा काही झाला की आम्ही खडे वेचायच्या निमित्तानं खाली बघायला लागलो. सरांनी मान हलवली. त्या दिवसापासून गायरानात "शिकारपूर, डावीकडे" अशी हाक घुमायला लागली. गुराखी पोरांना वाटायचं शिकारपूर मुळशीकडं कुठं तरी असेल.

दोन-तीन महिने असेच गेले. एका मॅचला प्रेक्षकांतून कुणीतरी किशनला छावणीवरून वाईट बोललं. तेव्हा आमचे मावळातले दोन बॅक मॅच सोडून त्या माणसाच्या अंगावर गेले. रेफ्रीनं मोठ्या मुश्किलीनं प्रकरण मिटवलं, सरांनी त्या दोघांना सगळ्यांसमोर झापलं आणि परतीच्या गाडीत आपल्या वाटणीचा गूळ दिला. दुसऱ्या दिवशी सरावाला किशन सरांपाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आप पिंपरी ही बोलो. शिकारपूर बहुत लंबा पड़ता है." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली, आणि मग नेहमीच्या आवाजात ओरडले, "पिंपरी, खडे वेच आधी."

थेरगावच्या दौलतवर सरांचा विशेष जीव. तसं ते दाखवत नसत. दौलत अबोल, पायानं घोडा, आणि अभ्यासात आमच्या सगळ्यांच्या पुढं. घरी तात्या, म्हणजे त्याचे वडील, आई आणि लहान बहीण. जमीन बरी होती, विहीर होती, पण हाताखाली माणूस नव्हतं. त्यामुळे मोटेची पाळी आली की दौलत कॉलेजला दांडी मारायचा. एकदा दुपारी मॅच आणि त्याच दिवशी उसाला पाणी. दौलत सकाळी स्टेशनवर आलाच नाही. सरांनी सायकल वळवली आणि आम्हा सगळ्यांना मागं चालत यायला सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा तात्या मोटेवर होते आणि दौलत उसात दारं धरत होता. सर म्हणाले, तात्या, पाणी आम्ही देतो, दुपारच्या गाडीला पोरगं मोकळं करा. तात्या आधी हसले. पण सरांनी कोट काढून बांधावर ठेवला, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि खोरं उचललं. मग आख्खी टीम चिखलात. दापोडीनं एक सरी फोडून शेजारच्याच्या हरभऱ्यात पाणी सोडलं, त्यावरून वेगळी बोलाचाली झाली. पण पाणी झालं. निघताना तात्यांनी सरांना विहिरीजवळ बाजूला घेतलं. मी पाय धूत होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"सर, त्याला चेंडू शिकवा न्हाईतर आनि काय बी शिकवा. पन ह्या चिखलात माघारी धाडू नगा."

सर म्हणाले, "कॉलेजात आहे तोवर माझ्याकडं आहे, तात्या."

त्या दिवसाची मॅच आम्ही हरलो, कारण पोहोचलो तेव्हाच आमच्या अंगात त्राण नव्हतं. सर परत येताना गाडीत मजेत होते. अकरा उतरले होते ना.

असाच तो हंगाम पुढं सरकला. सरांच्या नाकी नऊ आले होते, पण ते आम्हाला दिसू देत नसत. कुणाचं लग्न ठरलं तर तारीख विचारायला सर घरी. कुणाची आजी सिरियस तर सर तिच्या उशाशी बसून तब्येत विचारणार आणि मनात शनिवारच्या मॅचचा हिशोब करणार, असं आम्ही त्यांच्या मागं चेष्टेनं म्हणायचो. एकाच्या सासऱ्यानं त्याला कॉलेजातून काढलं, तिथं सरांचं काही चाललं नाही. मग कारखान्यात भरती सुरू झाली. टीममधले दोघं नोकरीला लागले. ते सांगायला आले तेव्हा पायांकडं बघत होते. सरांनी त्यांची पाठ थोपटली, चांगलं झालं म्हणाले, घरच्यांना माझा नमस्कार सांगा म्हणाले. ते वरवरचं नव्हतं. पण त्या संध्याकाळी ते गायरानातून खोलीपर्यंत सायकलवर बसले नाहीत. हातात धरून चालत गेले.

मी त्यांच्याबरोबर चाललो होतो. तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे बोलले. म्हणाले, ही टीम बंद पडली तर यातली पाच-सहा पोरं तरी जूनमध्ये कॉलेजात दिसणार नाहीत. त्यांना केमिस्ट्रीसाठी सकाळी उठवणारं घरात कुणी नाही. मॅचसाठी ती आपणहून उठतात. एकदा उठून गाडीत बसली की मग वर्गातही बसतात. "मला फुटबॉलमधलं काय कळतं रे," असं म्हणून त्यांनी सायकल भिंतीला लावली. मला त्या वेळी त्या माणसाची दया आली, आणि आपण इतके दिवस त्यांची टिंगल केली याचं वाईट वाटलं.

पुढच्याच मॅचला माझा पाय मोडला. दोष कुणाचाच नाही, मीच चेंडूवर पाय ठेवून पडलो. सरांनी मला पाठीवर घेऊन टांग्यापर्यंत नेलं. सरकारी दवाखान्यात प्लॅस्टर घातलं. आता बरोबर अकरा उरले होते आणि मॅच एकच राहिली होती. सर रोज मला बघायला यायचे, माझ्या आईच्या हातचा चहा प्यायचे आणि बाकीचे कुणी शिंकत नाहीत ना याची चौकशी करून जायचे.

शेवटच्या मॅचच्या दिवशी पहाटे तात्या गेले. रात्री छातीत दुखतंय म्हणाले, दिवस उगवायच्या आत संपलं.

मला कळलं तेव्हा मी चुलत्याच्या बैलगाडीत प्लॅस्टरचा पाय आडवा टाकून थेरगावला गेलो. सर माझ्या आधी पोचले होते. ते ओट्यावर दौलतजवळ बसले होते, त्याच्या पाठीवर हात ठेवून. आत बायकांचा आक्रोश चालू होता. तिरडी बांधली, सरांनी खांदा दिला. दौलत पुढं मडकं धरून चालला होता. तो नेहमीच्या चालीनं चालत होता आणि तेच बघवत नव्हतं.

नदीकाठी अग्नी दिला. ऊन वर आलं होतं. दुपारच्या गाडीला अजून अवकाश होता. एवढ्यात किशन सायकल मारत आला. बाकीची टीम चिंचवड स्टेशनवर जमली होती आणि त्यांनी त्याला विचारायला धाडलं होतं. तो लांबच उभा राहिला, पुढं यायला धजेना. पण त्याच्याकडं बघून गावातल्या लोकांना सगळं उमगलं. टीमची अट पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक झाली होती. तात्यांनीच देवळात बसून ती सांगितलेली.

दौलतचा चुलता म्हातारा, मानाचा माणूस. तो उठून सरांकडे आला.

"सर, आगीन दिऊन झालाय. आता पोराला घिऊन जा तुमी. सुतकाचं आमी बघू, गावात कोन काय म्हननार न्हाई. आमचा दादा असता तर त्यानंच धाडला असता."

दोन-चार म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, व्हय, गावाच्या नावाचा गडी हाय तो. मला तर हायसं वाटलं. गावानं आपलं सुतक बाजूला ठेवलं होतं, आता अडचण कसली? आता सर उठतील असं मी धरून चाललो.

सर उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "दौलतला कुणी विचारलंय का?"

चुलत्यानं दौलतकडं पाहिलं. दौलत चितेकडं बघत होता. तो म्हणाला, "सर म्हनतील तसं."

सर दौलतजवळ सरकून बसले. मग म्हणाले, "नाही. तो इथंच थांबेल."

चुलता काही बोलणार होता, पण सर हळूच म्हणाले की आज त्याला जे म्हणाल ते तो करील, विहिरीत उडी घे म्हटलं तर तीही घेईल, म्हणून आज त्याला काहीच सांगायचं नसतं. मग त्यांनी किशनला हातानं जवळ बोलावलं.

"दहा जण खेळा. मन लावून खेळा."

"और टीम, सर? उसके बाद?"

"त्याच्यानंतरचं मला माहीत आहे. तू जा, गाडी चुकेल."

किशन गेला. थोड्या वेळानं नदीपलीकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. सरांनी त्या बाजूला मान वळवली नाही. मी वळवली. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी सरांचा राग आला होता. इतक्या जणांची दारं झिजवून, उसाला पाणी पाजून, आजाऱ्यांच्या उशाशी बसून जे टिकवलं, ते एका शब्दात सोडून दिलं. चिता विझत आल्यावर सगळ्यांनी नदीत अंघोळ केली. सरांनीही केली. मग घरी येऊन कडुनिंबाची पानं चावली, शेजारच्यांनी आणलेली पिठलं-भाकरी दौलतला आपल्या हातानं भरवली, आणि त्यानं दोन घास खाल्ल्यावरच ते निघाले.

मॅच शून्य-शून्य सुटली. दहा जणांनी, बलाढ्य म्हणवणाऱ्या टीमला, दोन्ही हाफ झुलवलं. किशन दोघांचं काम एकटा करत होता असं ऐकलं. गोलच्या मागं त्या दिवशी कुणी नव्हतं. प्रिन्सिपॉलना दुसऱ्या दिवशी सगळं कळलं. त्यांनी सरांना बसवून घेतलं, वाईट वाटलं म्हणाले, आणि टीम बंद केली. सरांनी अपवाद मागितला नाही. मागितला असता तर मिळाला असता का, यावर आम्ही पुढं कितीतरी वर्षं वाद घातला. सरांनी तो विषय कधीच काढला नाही.

तात्यांच्या दहाव्याला आम्ही सगळे घाटावर गेलो. पिंड मांडले. बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. आमच्याकडं असं झालं की गेलेल्या माणसाचं मन कशात तरी गुंतलंय असं धरतात, आणि घरची माणसं हात जोडून एकेक वचन देतात. चुलता म्हणाला, पोरीचं लगीन मी करीन. कावळा हलला नाही. बैल इकनार न्हाई, म्हणाला. विहिरीचं काम पुरं करीन, म्हणाला. वहिनीला काय कमी पडू देनार न्हाई, म्हणाला. ऊन चढत गेलं. बायका एका बाजूला बसल्या होत्या, त्यांच्यात दौलतची आई पदर तोंडावर घेऊन.

सर केमिस्ट्रीचे माणूस. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो नाही हे ते कधी लपवत नसत. पण ते उठले, चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि पुढं जाऊन हात जोडून म्हणाले, "तात्या, दौलतचं शिक्षण मी थांबू देणार नाही."

सगळे बाभळीकडे बघायला लागले. मीही. आता उतरणार अशी माझी खात्री होती. कावळे तसेच बसून राहिले. एक उडाला तो उलट नदीपार गेला.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि विधी उरकला. परतताना चुलता सरांच्या बरोबरीनं चालत होता. त्याला सरांचं वाईट वाटत असावं. तो म्हणाला, "सर, तुमी मनाला लावून घिऊ नगा. कावळा शिवला न्हाई, म्हंजी त्यो शबूद तुमच्यावर न्हाई. तुमी मोकळं हाय."

सर म्हणाले, "मी कावळ्याला नव्हतो बोललो, काका."

त्या उन्हाळ्यात सरांची कॉलेजातली नेमणूक संपली. ती तात्पुरतीच होती, दर वर्षी वाढवून मिळायची. त्या वर्षी त्यांनीच वाढवून मागितली नाही. बार्शीकडं त्यांच्या मित्रानं नवं कॉलेज काढलं होतं. तिथं त्यांना जागा मिळाली, आणि त्यांनी दौलतच्या आईला विचारलं की मुलगा माझ्या घरी राहील, माझ्या मुलीबरोबर जेवेल, पाठवता का. इथं राहिला तर मोट त्याला सोडणार नाही. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं दौलतचे कपडे धुऊन वाळत घातले. शेत चुलत्यानं बघायचं ठरलं.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. दौलत बी.एस्सी. झाला, तिकडंच शिकवायला लागला. सर साठीच्या आत गेले. मी तिकडं जायचं ठरवत राहिलो आणि नोकरीच्या शिफ्ट सांभाळत राहिलो. त्यामुळे चिंचवड स्टेशनवरचं ते दर्शन शेवटचंच ठरलं.

त्या दिवशी आम्ही सगळे फलाटावर गेलो होतो. कारखान्यात लागलेले ते दोघंही आले होते. माझं प्लॅस्टर नुकतंच निघालं होतं. दौलतच्या डोक्यावर दाट, आखूड केस आले होते. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी. दौलतची आई खांबाजवळ उभी होती, ती पुढं येत नव्हती. गाडी आली. तिसऱ्या वर्गाचा डबा खचाखच भरलेला. कशीबशी दोघांना जागा मिळाली, सर खिडकीशी आणि दौलत त्यांच्या पलीकडे.

गाडी सुटायला थोडा वेळ होता. सरांनी खिडकीतून एकेकाला जवळ बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, जूनमध्ये कॉलेजात असणार ना? किशन हो म्हणाला. खडकीचा गोली हो म्हणाला. दापोडी हो म्हणाला, त्याच्या खिशात कारखान्याचं बोलावणं आधीच आलेलं होतं आणि ते सरांना ठाऊक होतं. तरी सरांनी त्याचा हो घेतला, मान हलवली. मी हो म्हणालो. माझा हो खरा ठरला. आमच्यातल्या निम्म्यांचे ठरले नाहीत. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की या माणसाला आम्हा सगळ्यांना बरोबर न्यायचं होतं आणि ते त्यांना जमत नव्हतं.

शिट्टी झाली. गाडीनं धक्का घेतला तशी दौलतची आई खांबापासून सुटली आणि डब्याबरोबर चालायला लागली. दौलत आतून मान उंच करून तिला शोधत होता, मधल्या माणसांमुळे त्याला ती दिसत नव्हती. सरांनी ते पाहिलं. ते तसेच वाकून उठले आणि त्यांनी दौलतला दंडाला धरून खिडकीशी बसवलं.

त्यानंतर आम्हाला सर दिसले नाहीत. फलाट संपेपर्यंत खिडकीत दौलत होता, आईकडं बघत. आम्ही सगळे हात हलवत होतो. सर त्याच्या मागं गर्दीत कुठंतरी उभे असणार.